ओपन सोर्सवर उभा केलेला माल विकणे: देवगडहून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडमधल्या चार जणांच्या एका कंपनीत तुम्ही दोन वर्षे काम करता. ही कंपनी आंबा बागायतदार, मासळीचे व्यापारी आणि लॉज चालवणारे यांना हिशेबाची आणि साठ्याची प्रणाली विकते. तिच्या तळाशी लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली आणि पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस ही ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो अशी, सॉफ्टवेअरे आहेत, त्याच्या जोडीला काही ग्राहकांकडे ईआरपीनेक्स्ट हे तशाच प्रकारचे हिशेब-साठ्याचे सॉफ्टवेअर बसवलेले आहे, आणि तुमच्या चौघांनी मिळून लिहिलेला भाग तुमच्याच अंदाजाने शंभरात पाच भरेल. ग्राहकाकडून पहिल्या वर्षी ४५,००० रुपये आणि पुढे दरवर्षी १२,००० रुपये घेतले जातात. तुमचा सहकारी म्हणतो की हा दुसऱ्याच्या घामावर चाललेला धंदा आहे. मालक म्हणतात की ज्यांनी लिहिले त्यांनीच ते फुकट दिले आहे, तेव्हा यात बोलण्यासारखे काही नाही. या दोघांपैकी बरोबर कोण, आणि आपण काही परत द्यायला हवे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी रत्नागिरीत २००३ पासून हेच काम करतो आणि अशाच सॉफ्टवेअरवर माझे घर चालते, त्यामुळे माझ्या उत्तरात माझाही स्वार्थ आहे हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या मते तुमच्या सहकाऱ्याची टोचणी योग्य आहे पण त्याने बोट चुकीच्या जागी ठेवले आहे, आणि तुमच्या मालकांचे पहिले वाक्य खरे असले तरी त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष खरा नाही.

आधी पैशाचा मुद्दा बाजूला करू, कारण तो वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची घोषणा केली आणि त्यानंतर दोनच वर्षांनी ते ईमॅक्स हा आपला मजकूर-संपादक (एडिटर) चुंबकीय टेपवर भरून १५० डॉलरला विकत होते. ज्या माणसाने ही सगळी चळवळ उभी केली त्याने सुरुवातीच्या काळातच किंमत लावली होती, आणि त्यानेच लिहिलेल्या जीपीएल या परवान्यातही प्रत देताना कितीही मोल घ्यावे असे स्पष्ट लिहिलेले आहे. पुढे १९९८ मध्ये ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने जी व्याख्या स्वीकारली तिचे पहिलेच कलम सांगते की परवान्याने विक्रीला आडकाठी करू नये, आणि सहावे कलम सांगते की धंद्यासाठी वापरणाऱ्याला वगळू नये. लेखकाने असा परवाना निवडला म्हणजे विक्रीला त्याची संमती आहे. ज्याला ती द्यायची नसते त्याच्यासाठी दुसरे परवाने उपलब्ध असतात. म्हणून ‘त्यांनी फुकट दिले आणि तुम्ही विकता’ एवढ्यावर कोणाला चोर ठरवता येत नाही.

शिवाय विक्री थांबली तर यातले निम्मे सॉफ्टवेअर टिकणारच नाही. तुम्ही वापरता ते पोस्टग्रेस्क्यूएलच घ्या. त्याचा मालक कोणी नाही, पण त्यावर रोज काम करणाऱ्यांतले बरेच लोक ते विकणाऱ्या, चालवून देणाऱ्या किंवा त्याची सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. त्यातल्या एंटरप्रायझडीबीचे कार्यालय तर पुण्यातही आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्याशा लायब्ररीत (इतर सॉफ्टवेअरे वापरतात अशा कोडच्या संचात) घुसवलेला चोरदरवाजा सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड यांना. ते पोस्टग्रेस्क्यूएलचे विकासक, मायक्रोसॉफ्टचे पगारी अभियंता, आणि डेटाबेसच्या वेगाच्या चाचण्या घेताना एसएसएच वापरून दूरच्या यंत्रात शिरायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो हे त्यांना खटकले. अर्ध्या सेकंदाच्या मागे लागण्याची चैन त्यांना परवडली ती कोणीतरी त्यांच्या वेळेचे पैसे मोजत होते म्हणून. दुसऱ्या बाजूला एक्सझेडचा मूळ मेंटेनर, म्हणजे ते सांभाळणारा माणूस, एकटा, बिनपगारी आणि थकलेला होता, आणि त्या थकव्याचा फायदा घेऊनच मदतनीस म्हणून आलेल्या माणसाने प्रकल्पात शिरकाव केला होता. या एका प्रकरणात ज्याच्या वेळेला मोल मिळते तो माणूस आणि ज्याच्या वेळेला मिळत नाही तो माणूस असे दोघेही दिसतात.

तुमच्या ४५,००० रुपयांबद्दलही मला संकोच वाटत नाही. एप्रिलमध्ये रात्री दहा वाजता वाशीला जाणारी गाडी भरून उभी असते, पेट्यांची यादी छापली जात नाही, आणि बागायतदार फोन लावतो तो तुम्हाला. परदेशातल्या मेंटेनरला नव्हे. त्या फोनची किंमत असते आणि ती घ्यावी.

मग खटकण्यासारखे काय असते? माझ्या समजुतीने दोन गोष्टी: आपण ग्राहकापासून काय दडवतो, आणि लिहिणाऱ्यांवर आपण कोणते ओझे टाकतो. पहिल्या गोष्टीबद्दल मला जास्त सांगायचे आहे, कारण आपल्याकडे घोटाळा होतो तो तिथेच.

काही वर्षांपूर्वी सावंतवाडीकडच्या एका काजू कारखानदाराने मला बोलावले. जून लागला होता, वीज जात-येत होती, आणि त्याच्या केबिनमधल्या टेबलाखाली ठेवलेल्या सर्व्हरवर त्याचा तीन वर्षांचा हिशेब अडकला होता: कोणत्या लॉटमध्ये डब्ल्यू २४० या प्रतीचा काजू किती निघाला, ३२० किती, तुकडा किती, कोणाला किती उधारीवर गेला. प्रणाली विकणाऱ्या शहरातल्या एका फर्मने फोन उचलणे बंद केले होते. सर्व्हरचा पासवर्ड कारखानदाराला कधी दिलाच नव्हता. मी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केले, आतली डिस्क जोडली आणि डेटाबेस उघडला. डेटाबेसमधल्या तक्त्यांची यादी समोर आली तेव्हा प्रत्येक नावाच्या सुरुवातीला ‘टॅब’ ही तीन अक्षरे दिसली. हे काम करणाऱ्याला त्यानंतर काही विचारावे लागत नाही. फ्रॅपे या फ्रेमवर्कची, म्हणजे ज्यावर ईआरपीनेक्स्ट उभे आहे त्या सांगाड्याची, ती खूण आहे. पडद्यावर त्या फर्मचे बोधचिन्ह होते, ‘विषयी’च्या चौकटीत त्या फर्मचेच नाव होते, पण खाली सरळसरळ ईआरपीनेक्स्ट होते. पायथन या भाषेतल्या मूळ फायली काढून टाकून फक्त कंपाइल केलेल्या फायली ठेवल्या होत्या, म्हणजे कोणी उघडून पाहिले तरी वाचता येऊ नये.

ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे, जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली दिलेले. या परवान्याखालचे सॉफ्टवेअर ग्राहकाच्या यंत्रावर बसवून दिले की काही गोष्टी बंधनकारक होतात. त्याच्याबरोबर परवान्याची प्रत द्यायची, मूळ लेखकांच्या हक्काच्या नोंदी जशाच्या तशा ठेवायच्या, आपण बदल केला असेल तर तसे तारखेसह नोंदवायचे, आणि सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येणारा मूळ कोड, एकतर सोबत द्यायचा किंवा मागितल्यावर देण्याची लेखी हमी द्यायची. त्या फर्मने यातले एकही केले नव्हते. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचाच दर्जा आहे, त्यामुळे परवान्याच्या अटी धुडकावून प्रत वाटणे हा नुसता असभ्यपणा राहत नाही, ते हक्कभंगाचे प्रकरण होते.

मला मात्र त्या दिवशी कायदा फार आठवला नाही. दोन रात्री खपून मी त्याच आवृत्तीचे मूळ ईआरपीनेक्स्ट दुसऱ्या यंत्रावर उतरवले, त्यात जुना डेटाबेस चढवला, आणि बहुतेक सगळे जागेवर आले, कारण फर्मने वाढवलेल्या बऱ्याचशा रकान्यांची माहिती डेटाबेसमध्येच साठवलेली होती. लॉटची यादी पडद्यावर आली तेव्हा कारखानदार माझ्या मागे उभा होता. त्याला मी सगळा प्रकार समजावून सांगितला. तो म्हणाला, “म्हणजे ह्या फुकट होता? आनि मी दीड लाख मोजलंय?”

मी त्याला सांगितले की दीड लाख मोजण्यात त्याची फसवणूक झाली नव्हती. बसवणे, शिकवणे, काजूच्या प्रतवारीप्रमाणे रकाने करणे याला पैसे पडतातच. त्याची फसवणूक झाली ती यात, की ज्या दिवशी फर्मने फोन उचलणे बंद केले त्या दिवशी तो कणकवलीतल्या किंवा कोल्हापुरातल्या दुसऱ्या कोणालाही बोलावून पुढचे काम करून घेऊ शकला असता, आणि त्याला हा अधिकार आहे हेच कोणी त्याला सांगितले नव्हते. लेखकांनी तो अधिकार त्या कारखानदारासाठी लिहून ठेवला होता. मधल्या माणसाने तो वाटेत काढून घेतला आणि त्याच्या जागी स्वतःवरचे अवलंबित्व ठेवले.

तेव्हापासून कोणत्याही विक्रीकडे मी एकाच प्रश्नातून पाहतो: मी उद्या दुकानाला कुलूप लावले तर या ग्राहकाच्या हातात काय उरेल? तुमच्या मालकांना हा प्रश्न विचारून पाहा. उत्तर द्यायला त्यांना अडखळावे लागले तर तुमच्या सहकाऱ्याची टोचणी कुठून येते ते कळेल.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत, कारण ते मालकांना विनाकारण घाबरवतात. जीपीएल असले म्हणजे आपला सोर्स कोड सगळ्या जगापुढे मांडावाच लागतो असे अनेकांना वाटते. तसे नाही, ज्याला प्रत दिली त्याला द्यावा लागतो. त्याने पुढे कोणाला द्यायचा की नाही हा त्याचा अधिकार, आणि तो अधिकार करार करून काढून घेता येत नाही, पण आंबा बागायतदार तुमचा कोड घेऊन शेजाऱ्याला वाटत बसेल ही भीती मला तरी वीस वर्षांत खरी झालेली दिसली नाही. दुसरा गैरसमज असा, की आपण लिहिलेली प्रत्येक ओळ आपोआप जीपीएलखाली जाते. तुमचा पाच टक्के भाग ईआरपीनेक्स्टच्या कोडमध्ये मिसळून लिहिला असेल तर त्याला ग्राहकाच्या हाती जाताना जीपीएलच्याच अटी लागतील. तो फ्रॅपे फ्रेमवर्कवर स्वतंत्र उभा असेल तर त्या फ्रेमवर्कचा परवाना एमआयटी हा सैल परवाना असल्याने तुम्हाला बरीच मोकळीक आहे. पोस्टग्रेस्क्यूएलचा परवानाही तसाच सैल: हक्काची नोंद आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा, बाकी काही मागणे नाही. एवढे थोडके मागणेही लोक पाळत नाहीत याचे मला आजही नवल वाटते. एक मजकुराची फाईल ठेवायची असते.

हे पाळून घेतल्याने काय निपजते याचेही एक उदाहरण आहे. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स असल्याचे लोकांनी शोधून काढले, सोर्स कोडची मागणी केली, आणि कंपनीला तो द्यावा लागला. त्या कोडवरून पुढे ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले, ज्यावर आज असंख्य जुने राउटर चालतात. पावसाळ्यात विजेने जळालेल्या राउटरच्या जागी माळ्यावरचा जुना काढून तो वापरण्याजोगा करताना मी त्या मागणी करणाऱ्या लोकांची अनेकदा आठवण काढली आहे.

प्रणाली ग्राहकाच्या यंत्रावर न बसवता तुम्ही ती आपल्या सर्व्हरवर ठेवून इंटरनेटवरून वापरायला देत असाल, तर जीपीएलची अट लागतच नाही, कारण तिच्या लेखी तुम्ही प्रत वाटलेली नसते. ही फट बुजवण्यासाठी २००७ मध्ये ग्नूचा एजीपीएल हा परवाना आला. त्याच्याखालचे सॉफ्टवेअर बदलून नेटवरून वापरायला दिले तर वापरणाऱ्यांनाही सोर्स मिळाला पाहिजे. पण परवान्यात फट आहे म्हणून कुलपाचा प्रश्न सुटत नाही. लॉजवाल्याचे तीन हंगामांचे बुकिंग तुमच्या सर्व्हरवर आहे, तर ते एका बटणावर, कुठेही उघडेल अशा स्वरूपात त्याला उतरवून घेता आले पाहिजे, आणि ते तुमच्याशी भांडण झाले असतानाही घेता आले पाहिजे. असे करायला कोणताही परवाना भाग पाडत नाही. ते आपणच ठरवायचे.

आता नावाबद्दल, आणि इथे दोष माझा आहे. २००८ च्या सुमारास मी राजापूरच्या बाजूच्या एका वाचनालयात कोहा ही ग्रंथालय प्रणाली बसवली. कोहा न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी तयार झाली आणि २००० सालच्या जानेवारीत तिथे सुरू झाली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट, आहेर असा आहे, आणि आपल्याकडच्या आहेरासारखीच त्यात परतफेडीची जाणीव असते. मी काय केले, तर वरचे कोहाचे चिन्ह काढून आमच्या फर्मचे लावले आणि खालची नाव सांगणारी ओळही काढली. मला त्यात काही गैर वाटले नव्हते. ग्राहकाला परके नाव दिसले तर तो पैसे देताना का-कू करील एवढाच विचार होता. पुढच्या वर्षी तिथल्या ग्रंथपाल बाई पुण्याला एका शिबिराला गेल्या, तिथे त्यांनी अगदी तोच पडदा वेगळ्या चिन्हाखाली पाहिला, आणि परत आल्यावर मला निर्मळपणे विचारले, “तुमचं सॉफ्टवेअर तिकडेही घेतलंय का हो त्यांनी?” मला तेव्हा जे सुचले ते मी बोललो, आणि ते खोटे होते. दुसऱ्या आठवड्यात जाऊन चिन्ह परत लावले आणि बाईंना खरे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की मग अडचण आली की पुण्याला तोच पडदा वापरणाऱ्या बाईंना मी फोन करू शकते ना, आणि मी हो म्हणालो. माझ्या चिन्हाने मी त्यांना एकटे पाडले होते, हे मला त्या प्रश्नामुळे समजले. त्याच प्रणालीच्या जगभर पसरलेल्या समुदायाशी त्यांचे नाते तुटले होते, आणि ते तोडून मला मिळाले होते ते थोडेसे मिरवणे.

पुढे त्याच कोहाच्या नावावर एका परदेशी कंपनीने न्यूझीलंडमध्येच ट्रेडमार्क मागितला, तेव्हा ज्या छोट्या ट्रस्टने ती प्रणाली जन्माला घातली त्यालाच विरोध करायला उभे राहावे लागले. अखेर तो अर्ज फेटाळला गेला. परवाना कोडचे रक्षण करतो, नावाचे करीलच असे नाही. म्हणून उलट दिशेचीही काळजी घ्या: ईआरपीनेक्स्टचे नाव तळाशी ठळक असावे, पण तुमच्या उत्पादनाच्या नावातच ते घालून आपण म्हणजेच ते, असा भास निर्माण करू नये.

आता मोठ्यांच्या भांडणाबद्दल, कारण तुमच्या सहकाऱ्याच्या मनात बहुधा तेच आहे. इलॅस्टिकसर्च हे माहितीत शोध घेणारे सॉफ्टवेअर अपाचे परवान्याखाली खुले होते. ॲमेझॉनने ते आपल्या क्लाउडवर सेवा म्हणून विकले आणि नावही तेच वापरले. ते बनवणाऱ्या इलॅस्टिक कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये परवाना आवळला, ॲमेझॉनने जुन्या कोडवरून ओपनसर्च हा फोर्क, म्हणजे वेगळी शाखा, काढला, आणि २०२४ मध्ये इलॅस्टिकने पुन्हा एजीपीएलचा पर्याय खुला केला. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारण्याच्या साधनाचा परवाना बदलल्यावर ओपनटोफू निघाले; रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये तेच केल्यावर वाल्की निघाले.

या भांडणात आपल्याकडचे लोक लगेच पर्ससीन जाळ्याच्या यांत्रिक बोटींची उपमा देतात. मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जाते तेव्हा दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, वाटेने जाणारा थांबून हात लावील तर चार मासे त्याच्याही पदरात पडतात. आणि बाहेरून यांत्रिक बोट येऊन जाळे फिरवते तेव्हा रापणकराच्या हाती येते ती रिकामी दोरी. उपमा मनाला पटते, मीही ती वापरलेली आहे, पण ती अर्धीच लागू पडते. बांगड्याचा थवा कोणी उचलला तर दुसऱ्याला तो उरत नाही. ॲमेझॉनने कोड घेतला म्हणून तुमचा कोड कमी झाला नाही. कमी होतात ते दोर ओढणारे हात. हजारो कंपन्या एक लायब्ररी वापरतात, तिच्यातली खोट काढायला मात्र दोघेच बसलेले असतात. २०१४ मध्ये हार्टब्लीड ही खोट उघड झाली तेव्हा जगातल्या सुरक्षित वेबसाइटांचा मोठा हिस्सा ज्या ओपनएसएसएल या लायब्ररीवर उभा होता त्याला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर. ॲमेझॉनबद्दल माझे मत एवढेच आहे की परवान्याने दिलेली मुभा त्यांनी वापरली, त्यात बेइमानी नव्हती. दुसऱ्याच्या नावाखाली विकण्यात मात्र होती. आणि इलॅस्टिक, हॅशिकॉर्प यांच्याबद्दल हे की ‘सगळ्यांना खुले’ म्हणून लोकांचे योगदान जमवायचे आणि जम बसल्यावर दार अर्धे लोटायचे, हीदेखील वचनाशी प्रतारणाच आहे. दुसरी बाजू कोणी फारशी मांडत नाही म्हणून मुद्दाम लिहितो.

ओझ्याचे म्हणाल तर ते पैशापेक्षा वागण्यातून जास्त पडते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीमधली मोठी खोट उघड झाली, आणि पुढच्या महिन्यात कर्ल या इंटरनेटवरून डेटा नेण्या-आणण्याच्या साधनाचे लेखक डॅनियल स्टेनबर्ग यांना एका बड्या कंपनीकडून पत्र आले: आमच्या सुरक्षा-प्रश्नावलीची उत्तरे २४ तासांत द्या. स्टेनबर्ग यांचा लॉगफोरजेशी काही संबंध नव्हता, त्या कंपनीने त्यांना कधी छदाम दिलेला नव्हता. त्यांनी सभ्यपणे कळवले की सेवाकरार केलात तर आनंदाने उत्तर देईन. हसू येते, पण तुमच्या कंपनीतून मेंटेनरकडे जाणारे संदेश एकदा काढून वाचा. ‘तातडीचे, ग्राहक थांबला आहे’ असे त्यात असेल तर तोच प्रकार लहान प्रमाणात तुम्ही करत आहात. तुमचा ग्राहक तुमच्यापाशी थांबला आहे. त्याच्या प्रतीक्षेचे १२,००० रुपये तुम्ही घेतले आहेत.

परत काय द्यावे, याचे मोजमाप मला कोणी दिले नाही, त्यामुळे आम्ही काय करतो तेच सांगतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आंबा संपलेला असतो, लॉज रिकामे असतात, आणि फोन कमी येतात. त्या दोन महिन्यांत आठवड्यातला एक दिवस आम्ही ग्राहकाचे काम करत नाही. वर्षभरात सापडलेल्या खोटी नीट मांडून, पुन्हा घडवून दाखवता येतील अशा रीतीने मूळ प्रकल्पांना कळवतो. ज्या दुरुस्त्या आमच्याकडे पडून असतात त्या पाठवतो. मराठी भाषांतरातल्या चुका काढतो. ‘डेबिट नोट’चे कोणीतरी केलेले विचित्र भाषांतर दुरुस्त करायला अमेरिकेतला माणूस येणार नाही, ते काम आपलेच आहे.

यात परोपकार किती आणि सोय किती, हे मी स्वतःपासून लपवत नाही. रक्कम अक्षरी लिहिताना लाख-कोटी आणि मराठी आकड्यांचा आमचा एक बदल आम्ही चार वर्षे स्वतःपाशी ठेवला, बाजारात तेवढेच आपले वेगळेपण म्हणून. दर आवृत्तीला तो नव्याने बसवावा लागे. एकदा ‘एकोणनव्वद’च्या जागी ‘एकोणऐंशी’ छापले गेले आणि एका बर्फ कारखान्याचा धनादेश परत आला. शेवटी तो बदल मूळ प्रकल्पाला पाठवला, तिथल्या एका विद्यार्थ्याने त्यातल्या आणखी दोन चुका काढल्या, आणि आमची डोकेदुखी संपली.

पैसेही द्यावेत, आणि थोडे दिले तरी चालतात. झेरोधाने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तेवढे आपल्याला झेपणार नाही म्हणून शून्य द्यायचे असे नसते. वार्षिक शुल्काच्या १२,००० मधले १२० रुपये बाजूला काढले तर ग्राहकाला आणि तुमच्या मालकांना कळणारही नाही. ते कोणाला द्यायचे हे ठरवताना मोठ्या नावांकडे न पाहता, तुमच्या प्रणालीतला असा कोणता भाग आहे ज्याला एकच माणूस सांभाळतो, ते शोधा. मराठी पावतीवर ‘श्रीवर्धन’ आणि ‘कर्ज’ नीट उमटतात ते हार्फबझ ही अक्षरे जुळवणारी लायब्ररी आणि कोणीतरी खपून काढलेल्या मोफत फॉन्टमुळे, आणि या थराकडे कोणाचे लक्षच जात नाही. जाता जाता, मुक्तासारखे फॉन्ट ज्या परवान्याखाली असतात त्यात फॉन्ट एकटा विकायला मनाई आहे, सॉफ्टवेअरबरोबर द्यायला नाही. एका ओळखीच्या छापखान्याने त्याची स्वतंत्र सीडी विकायला काढली होती म्हणून लिहिले.

तुम्ही नोकर आहात, मालक नाही, त्यामुळे उद्या जाऊन सगळे बदला असे मी सांगणार नाही. एक गोष्ट तुमच्या हातात आहे: पुढचे कोटेशन टाइप करताना पहिल्याच पानावर तीन ओळी घालून मालकांपुढे ठेवा. ही प्रणाली लिनक्स, पोस्टग्रेस्क्यूएल आणि ईआरपीनेक्स्ट या खुल्या सॉफ्टवेअरवर उभी आहे. तिचा सोर्स कोड आणि सर्व्हरचा पासवर्ड ग्राहकाला बसवण्याच्या दिवशीच, लखोट्यात बंद करून दिला जाईल. ग्राहकाने केव्हाही दुसऱ्या कोणाकडून सेवा घेतल्यास आमची हरकत राहणार नाही.

मालक म्हणतील, हे वाचून गिऱ्हाईक पळेल. आमच्या कोटेशनवर त्या ओळी आल्यापासून दोन गिऱ्हाइके गेली, हे खरे आहे; एकाने ‘फुकटचेच असेल तर माझा भाचा बसवून देईल’ म्हटले. तो भाचा पुढच्या एप्रिलमध्ये परीक्षेला बसला होता आणि मामांनी रात्री साडेनऊला मला फोन केला. मी गेलो, आणि बिल नेहमीच्या दराने लावले.